खाली उतरण्याचं कारण

मोठ्या डॉक्टरांनी हात धुतले, पुसले, मग ते खुर्चीत बसले आणि घारीच्या नवऱ्याशी बोलायला लागले. दुखत होतं घारीला. पडद्यामागे कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, दात आवळून पडली होती तीही घारच. पण कपडे सावरून ती बाहेर आली तोवर तिच्या शरीराचा निम्मा फैसला होऊन गेला होता.

"ह्यांची शौचाच्या जागची भेग जुनी झालीय," डॉक्टर नवऱ्याला सांगत होते. "आता आपोआप भरायची नाही. आतला स्नायू जरासा कापला की मोकळं. फार तर एक रात्र इथे, मग घरी."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक काचांचा नंबर सांगतं तेव्हा तो जशी मान हलवायचा तशीच त्यानं इथेही हलवली.

"कापल्यावर काही मागे राहतं का?" घारीनं विचारलं. ती खुर्चीच्या कडेला एका बाजूवर भार देऊन बसली होती. सरळ बसणं तिनं कधीच सोडलं होतं.

"काही नाही हो. एखाद्याला थोडे दिवस गॅस आवरत नाही. क्वचित."

तो शब्द डॉक्टरांनी माशी उडवावी तसा उडवला. घारीनं मात्र तो धरून ठेवला. धाकटीच्या बाळंतपणात ती खालून पार फाटली होती. टाके पडले होते, आणि त्यानंतर कितीतरी महिने तिला वारा आवरत नव्हता. चारचौघांत बसायला नको, हसायला नको, शिंकायला नको. हळूहळू ते आटोक्यात आलं, आणि तिनं ते कोणालाही न सांगता गाडून टाकलं. आता हा माणूस तोच स्नायू कापायला निघाला होता, आणि बाळंतपणं किती झाली एवढंही त्यानं विचारलं नव्हतं.

"मलम असतं ना ह्याच्यावर?"

"मी मलमं लिहीत नाही. महिनोन्‌महिने चोळत बसायचं, डोकं दुखतं ते वेगळंच. काम करणाऱ्या बाईला एवढा वेळ कुठे असतो?" मग पुन्हा नवऱ्याकडे वळून, "बाहेर ताईंकडून तारीख घ्या."

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. दवाखान्याच्या दारातल्या टेबलावर तीच बसायची. तिनंच भावाला गळ घालून घारीला इथे आणायला लावलं होतं. तारीख तिनं आधीच राखून ठेवली होती. घारीला बोलायचं होतं, पण बाहेर बाकावर माणसं बसली होती आणि ह्या दुखण्याचं नावच असं, की माणसाचं तोंड आपोआप बंद होतं. ती रिक्षात चढली ती बसलीच नाही, दांडीला धरून वाकून उभी राहिली. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे, तिला वाटलं.

घार हे तिचं साइटवरचं नाव. बांधकामावर दोन उंच क्रेन होत्या आणि त्यांतली एक ती चालवायची. सकाळी शिडी चढून केबिनमध्ये बसायचं, ढगांच्या शेजारी. खाली सिग्नल देणारा माणूस वॉकीटॉकीवर सांगेल तसा माल उचलायचा, फिरवायचा, अलगद टेकवायचा. सिग्नलवाल्याचं तोंड सतत चालू, म्हणून तो पोपट. चॅनल एकच होतं. दोन्ही क्रेन, दोन्हीकडचे सिग्नलवाले, मुकादम, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांच्या कमरेला तोच खरखरता आवाज. कुणी शिंकलं तरी साऱ्या साइटला कळायचं.

केबिनमध्ये खुर्ची होती, काचा होत्या, छोटा पंखाही होता. संडास नव्हता. पुरुषांचं बाटलीवर भागायचं. बाईनं काय करायचं, हा प्रश्न क्रेन बनवणाऱ्याला पडला नव्हता आणि मुकादमालाही नाही. उतरायला वेळ, चढायला त्याच्या दुप्पट, आणि तोवर खाली माणसं हात बांधून उभी. म्हणून मुकादमाचा नियम असा: जेवणाच्या सुट्टीत एकदा उतरा, मग थेट संध्याकाळी. मध्ये उतरायचं तर कारण सांगा. कारण सांगायचं वॉकीटॉकीवर.

आणि वर नानांचा दाखला होताच. दुसऱ्या क्रेनवरचे नाना म्हणजे साइटचं दैवत. नाना एकदा चढले की दिवस मावळल्यावरच जमिनीला पाय लावायचे, डबासुद्धा वरच खायचे. "नानांकडे बघा," मुकादम उठता बसता म्हणायचा, "ह्याला म्हणतात ऑपरेटर." घारीनंही ते मनावर घेतलं. बाई म्हणून कमी पडायचं नाही, असा हट्टच धरला तिनं. मध्ये उतरायला लागू नये म्हणून तिनं सकाळचं पाणी सोडलं, मग दुपारचंही सोडलं. पोटानं हाक दिली तर त्याला थांब म्हणायला शिकली. पोट थांबलं, सुकलं, दगड झालं, आणि एके सकाळी त्या दगडानं तिला चिरलं. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघराचा नळ पूर्ण सोडून ती त्या आवाजाआड रडायची आणि मग जाऊन टनावारी लोखंड उचलायची. घरात सगळे त्याला मूळव्याध म्हणत होते. ते मूळव्याध नव्हतं, पण नीट नाव घ्यायला तरी कोणाला सवड होती?

ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली ती कोणालाही न सांगता, सुट्टीच्या दिवशी, मोठ्या सरकारी इस्पितळात. रांग होती, बाकावर बसवत नव्हतं, ती भिंतीला खांदा लावून उभी राहिली. पांढऱ्या केसांची डॉक्टरीणबाई होती. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"बाळंतपणं किती? टाके पडले होते?"

घारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कृतज्ञतेचं नव्हतं. संतापाचं होतं. एवढा साधा प्रश्न. हा विचारायला किती वेळ लागतो? तो न विचारता तिच्या शरीराला सुरी लावायची तारीख ठरली होती. तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं, वाऱ्याचंसुद्धा. बाई मध्ये बोलली नाही.

"मग सुरीची घाई नको," ती म्हणाली. "हे बघा, दुखलं की तिथला स्नायू आवळून बसतो. आवळला की रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणून भेग भरत नाही, भेग भरत नाही म्हणून दुखतं. मलम स्नायू सैल करतं, बाकीचं काम शरीर करतं. शस्त्रक्रिया जास्त खात्रीची आहे, खोटं सांगणार नाही. मलमानं साधारण निम्म्यांचं बरं होतं, काहींचं उलटतं. नाहीच जमलं तर त्या स्नायूत द्यायचं एक इंजेक्शन आहे. कापणं त्याच्याही नंतर. तुमचे टाके बघता तेही आधी नीट तपासून."

ती चिठ्ठी लिहायला लागली आणि लिहिता लिहिता तिनं विचारलं, "काम काय करता?"

"क्रेन चालवते. उंचावरची."

बाईचं पेन थांबलं. लिहिलेलं तिनं आडवी रेघ मारून खोडलं.

"मग हे नको. हे मुळात हृदयाचं औषध, ह्यानं डोकं ठणकतं, गरगरतं. तुम्ही वर गरगरलात तर खालच्यांचं काय? हे दुसरं लावा. हेही रक्तदाबातलंच, पण ह्याचा तसा त्रास कमी. तरी पहिले काही दिवस सुट्टी घ्या, चक्कर येत नाही ना बघा, मगच चढा. वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, सलग दोन महिने. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. कोमट पाण्यात बसा, हा पाण्यात फुगणारा इसबगोलाचा भुसा घ्या. आणि भरपूर पाणी, आणि पोटानं हाक दिली की तेव्हाच जायचं."

"तेव्हाच जाता येत नाही मला."

"मग मलम स्नायू सैल करील आणि तुमचा दगड रोज नवी चीर पाडील. तसं असेल तर मलम घेऊन जाऊ नका, फुकट जाईल."

"हे तुम्ही आमच्या मुकादमाला सांगाल का?" घारीचा आवाज चढला होता.

"मी इथे बसते. मुकादम तुमचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. घारीला तिचाही राग आला. पण मलम तिनं घेतलं.

तारीख रद्द करा म्हणून तिनं सांगितलं आणि घरी जो भडका उडायचा तो उडालाच. नणंद संध्याकाळी पर्स खांद्याला तशीच ठेवून आली.

"मोठ्या डॉक्टरांपुढे माझं नाक कापलंस तू. लोक महिनाभर थांबतात त्या तारखेसाठी."

"तुमचं नाक कापलं गेलं, वन्सं, माझं तरी बाकीचं शाबूत राहिलं."

"मलमानं काय होणार आहे? मी रोज बघते तिथे. शेवटी सगळे कापायलाच येतात."

"जे बरे होतात ते कशाला येतील तुमच्याकडे?"

नवरा मध्ये पडला. "तुझ्याच भल्यासाठी चाललंय ना सगळं? डोकं शांत ठेव जरा."

डोकं शांत ठेव हे तिला चालत नव्हतं. ती उभ्या उभ्याच बोलली, आणि धाकटीच्या वेळचं सगळं बोलली. कुठवर फाटलं होतं, कशी वर्षभर ती लग्नाकार्यात भिंतीला पाठ लावून बसायची, सिनेमाला नको का म्हणायची. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही, डॉक्टर, कोणी एकानं?"

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं टाके नीट बसले नाहीत म्हणून."

"मग परवा तारीख ठरत होती तेव्हा गप्प का बसलात?"

"मला कोणी विचारलं?"

घारीला हसावं की ताट आपटावं कळेना. घरातली तीन माणसं तिच्या भल्यासाठी जीव टाकत होती आणि तिच्याबद्दल तिघांनाही धड माहिती नव्हती. आणि जी गोष्ट तिला स्वतःला माहीत होती ती तिनंही कोणाला सांगितली नव्हती. हे शेवटचं तिला सगळ्यांत झोंबलं. शस्त्रक्रिया रद्द झाली. पण नणंद जाता जाता दारात म्हणाली, "दोन महिने बघू. नाही भरलं तर मुकाट्यानं येशील." नवऱ्यानं त्यावर दुकानातल्यासारखी मान हलवली, म्हणजे त्यालाही ते मान्य होतं.

रजा संपली. चक्कर आली नाही. घार पुन्हा चढली, आणि ह्या वेळी सोबत पाण्याची मोठी बाटली घेऊन. आता ती पाणी प्यायची आणि उतरायची. मुकादमाला ते पहिल्या दिवसापासून खुपलं. "घारीला आज पुन्हा पंख फुटले," तो वॉकीटॉकीवर म्हणायचा. कुणीतरी खिदळायचं. पोपट बिचारा "आली आली, चढतेच आहे" असं सांगून वेळ मारून न्यायचा. घार गिळून घ्यायची, कारण मलम लागू पडत होतं. आधी दुखणं दुपारपर्यंत रेंगाळायचं, ते सकाळपुरतं झालं. एक दिवस तिनं न्हाणीघराचा नळ सोडलाच नाही. नवऱ्याच्याही ते लक्षात आलं. त्या दिवशी तो तिची पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवून गेला.

आणि मग स्लॅबचा दिवस आला. स्लॅबच्या दिवशी साइटवर कोणी कोणाचं नसतं. काँक्रीटच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या, बादली भरायची, वर न्यायची, ओतायची, रिकामी खाली आणायची, की पुढची तयार. मुकादमानं सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, "आज वरचा माणूस खाली येणार नाही. कोणतंही कारण चालणार नाही."

जेवणाची सुट्टी अजून लांब होती आणि पोटानं हाक दिली. घारीनं बादली फिरवता फिरवता हिशोब मांडला. थांबता येईल. वर्षभर थांबतच आली होती. थांबलं की सुकेल, उद्या सकाळी पुन्हा दगड, पुन्हा चीर, इतक्या दिवसांचं मलम मातीत. मग नणंदेचं टेबल, मग मोठे डॉक्टर, मग तो हात धुण्याचा आवाज.

"पोपट, मला उतरायचंय. सांग त्यांना."

पोपटाला सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांनी ऐकलं होतं. मुकादमाचा आवाज आला. "काय काम निघालं खाली?"

"काम आहे."

"काँक्रीट थांबत नसतं, बाई."

"माझंही थांबत नसतं."

हशा पिकला. कोणीतरी बटण दाबूनच हसलं. मुकादमाला चेव चढला. "बाईंना मुरडा आलाय, ऐकलं का रे? तिकडे नाना बघा. सकाळपासून हूं की चूं नाही. एवढं नाजूक पोट असेल तर घरी बसून भाकऱ्या थापाव्यात. कारण सांगा, तोंडानं सांगा, मग बघू."

बादली रिकामी करून घारीनं ती सावकाश जमिनीवर आणली, टेकवली, पोपटानं आकडा सोडवेपर्यंत थांबली. आकडा वर घेतला. सगळं जागच्या जागी बंद केलं. मग तिनं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

"कारण हवंय ना? ऐका. माझ्या शौचाच्या जागी भेग पडलीय. मूळव्याध नाही, भेग. ती पडली कारण तुमच्या नियमापायी मी पाणी सोडलं. वर्षभर रोज सकाळी मी नळ सोडून रडलेय आणि मग येऊन तुमचा माल उचललाय. एकदाही वाकडा टेकवला नाही. डॉक्टर म्हणाले स्नायू कापू. दोन पोरांच्या आईचा तो स्नायू कापला तर पुढे काय आवरेल आणि काय नाही ह्याची खात्री कोणी देत नाही. म्हणून मी मलम लावतेय. ते लागू पडतंय. पण मलम लावायचं आणि पोटाला थांब म्हणायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आज मी थांबले तर सगळं पहिल्यापासून. तुमचा स्लॅब मी आल्यावर होईल. ज्यांना हसायचंय त्यांनी बटण दाबून हसा, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू येईल."

तिनं बटण सोडलं. कोणी हसलं नाही.

"अहो पण," मुकादमाचा आवाज एकदम बारीक झाला होता, "हे असं सगळ्यांसमोर..."

"विचारलंत सगळ्यांसमोरच."

वॉकीटॉकी कमरेला लावून ती शिडीवर आली. वाऱ्यानं कपडे फडफडत होते. एकेक पायरी उतरताना तिला वाटत होतं, झालं, संपली नोकरी. आणि संपली तरी ती उतरणारच होती. अर्ध्यावर आली तेव्हा कमरेशी खरखर झाली आणि एक आवाज आला जो दिवसभरात क्वचितच कोणाच्या कानी पडायचा.

"घारे."

नाना होते.

"घारे, त्या मलमाचं नाव काय?"

घार शिडीवर थांबली. एका हातानं दांडा धरून तिनं वॉकीटॉकी तोंडाशी आणली. "कोणासाठी विचारताय नाना?"

बराच वेळ काही नाही. "आता माझंही वय झालं, बाई. कोणासाठी म्हणून सांगू."

"किती दिवस आहे?"

"दिवस नव्हे. धाकट्या पोराचं लग्न व्हायच्याही आधीपासून. मी कापून घेतलं नाही, भीतीनं. आणि दाखवलंही नाही कोणाला. वरच बसतो. खाली उतरायचं म्हटलं की पोटाला जाग येते, म्हणून उतरतच नाही. डबा तरी कुठे खातो मी. संध्याकाळी फाटकापाशी कुत्र्याला घालतो."

घारीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस. ह्याच्याकडे बोट दाखवून तिला वर्षभर हिणवलं होतं. ह्याच्यासारखं व्हायचं म्हणून तिनं पाणी सोडलं होतं. आणि हा तिथे वर उपाशी, तहानलेला, दात आवळून बसला होता, आणि साइटवर सगळे त्याला दैवत म्हणत होते. एका माणसाचं दुखणं घेऊन मुकादम बाकीच्यांना मोजत होता. तिला नानांना ओरडून काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण त्या आवाजात जे होतं ते ती रोज सकाळी नळाच्या आवाजाआड ऐकत आली होती.

"नाना," ती म्हणाली, "नाव असं शिडीवरून नाही सांगणार. दुकानातून आणून चोळत बसाल. आधी डॉक्टरांना दाखवायचं, त्या विचारतील ते सगळं सांगायचं. आणि त्याच्याही आधी खाली उतरा."

"आत्ता? स्लॅब चाललाय."

"आत्ता."

मुकादम काहीतरी म्हणायला गेला. "दोन्ही क्रेन एकदम..." एवढंच आलं आणि खरखर झाली. समोरच्या क्रेनची बादली हळूहळू खाली येत होती. ती टेकली. मग केबिनचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर आला, पायरी चाचपत, दिवसा उजेडी उतरायची सवय नसलेला.

घारीनं ते पाहिलं आणि उरलेली शिडी उतरली. खाली माणसं फावडी धरून उभी होती. त्यांनी वाट दिली. तिच्याकडे बघायचं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. फाटकाजवळच्या पत्र्याच्या संडासाबाहेर पोपट पाण्याची बादली भरून उभा होता. तिनं ती उचलली, आत गेली, कडी लावली, आणि अजिबात घाई केली नाही.